झिलकरी थांबले नाहीत तर

आमच्या आणि मावशींच्या अंगणामध्ये बांबूच्या कामट्यांचं कुंपण आहे. बांधलं तेव्हा माझ्या छातीला लागायचं. दर पावसाळ्यात खालून कुजत कुजत आता कमरेशी आलंय. दुरुस्तीचा विषय दोन्ही घरांत दिवाळीला निघतो आणि तिथेच राहतो, कारण कोपर टेकून उभं राहायला ही उंची अगदी बेतशीर आहे. खांडबाऱ्यातल्या निम्म्या बातम्या स्टेशनावर कळतात, उरलेल्या आमच्या कुंपणावर.

श्रावणातली तृतीया. पाऊस नुकताच उघडलेला, सुरतेकडची गाडी शिट्टी देऊन गेलेली. मी कोथिंबिरीचं गवत उपटत होतो. तेवढ्यात कुंपणापलीकडे मावशी येऊन उभ्या राहिल्या. डोक्याला आबांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा, पंचा करकचून बांधलेला.

"काय झालं मावशी? पडलात की काय?"

"पडायला काय धाड भरली? चहा सोडला. महादेवाला सांगितलं, श्रावणभर चहा नाही. परवा सोडला, काल दुपारपासून डोक्यात कोणी मिरची कांडतंय असं वाटतंय. व माय, सहन होत नाही हो सर."

"रोजचे किती कप होते?"

"चार."

"सात!" घरातून आबांचा आवाज आला. आबांना एरवी हाक मारली तर ऐकू येत नाही.

तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं की माणसाला एक खोड लागते. समोरच्याला डोकेदुखीची गोळी हवी असते आणि आपण त्याला धडा देतो. माझंही तेच झालं. म्हटलं, "मावशी, हा महादेवाचा कोप नाही. तुमच्या डोक्यात बाकं वाढलीत."

"बाकं?"

"एसटीची बाकं. असं बघा. दिवसभर मेंदू राबतो, तसतसं त्याच्यात अ‍ॅडेनोसिन नावाचं एक द्रव्य साचत जातं. मेंदूच्या पेशींवर त्याच्या बसायच्या जागा ठरलेल्या आहेत. ते जागेवर बसलं की पेशीला निरोप जातो, पुरे झालं, आता जरा आडवं व्हा. चहातलं कॅफिन येतं ते त्याच जागेवर बसतं, पण निरोप काहीच देत नाही. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना आपण, तसं. जागा अडली, माणूस नाही."

"म्हणून झोप येत नाही."

"म्हणून. पण शरीर काही खुळं नाही. रोज सात-सात रुमाल पडतायत, खरी माणसं उभीच आहेत, हे बघून ते बाकंच वाढवतं. वर्षानुवर्षं हा हिशेब जुळलेला. आणि तुम्ही काय केलंत? परवा सकाळी सगळे रुमाल एकदम उचललेत. आता वाढीव बाकांवरसुद्धा अ‍ॅडेनोसिन ऐसपैस बसलंय. डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगल्यात, त्या ठणकतायत. चहा सोडल्यावर बारा ते चोवीस तासांनी हे सुरू होतं, एक-दोन दिवस भरात असतं, आणि आठवड्याभरात बहुतेकांचं उतरतं."

मावशींनी पंचा जरा सैल केला. रोगाला कारण मिळालं की निम्मं दुखणं जातं म्हणतात. मावशींचं चार आणे तरी गेलं असावं, कारण त्या बोटानं कुंपणावरची गोगलगाय बाजूला करून नीट टेकून उभ्या राहिल्या. ही लांबणीची खूण.

"ही बाकं कशाची असतात?"

खरा प्रश्न हा. मी त्यांच्या दोरीवरच्या गोधडीकडे बोट दाखवलं. पेशीला आवरण असतं, आणि ही जागा म्हणजे त्या आवरणातून सात वेळा खाली-वर ओवलेला एकच धागा. टाके बरोबर सात, सहा नाहीत की आठ नाहीत. धाग्याचा काही भाग बाहेर, तिथे निरोप्या येऊन बसतो. काही भाग आत, तिथे पुढची मंडळी वाट पाहत असते. माणसाच्या अंगात असे सुमारे आठशे प्रकारचे धागे आहेत. त्यातले निम्मे नुसते वास घेण्यासाठी. बाजारात बोंबील-सुकटीच्या ओळीत शिरताना नाकाला पदर लावावा लागतो आणि दहा मिनिटांनी वास आहे हेही आठवत नाही, ती त्यांचीच करामत. आज दवाखान्यात जी औषधं लिहून देतात त्यातली जवळपास एक तृतीयांश या सातटाकी धाग्यांवरच चालतात.

"आणि आत वाट बघतो तो कोण?"

"त्याचं नाव जी-प्रोटीन."

"जी? 'हो जी'मधला जी?"

पुस्तकात लिहिलंय की ग्वानिन नावाच्या घटकाचं पहिलं अक्षर म्हणून जी. पण मावशींचा जी मला जास्त पटला. वर्गात इतकी वर्षं मी खडूनं अल्फा, बीटा, गॅमाचे गोळे काढत राहिलो, आणि पोरं जांभया देत राहिली. शाहिराची गोष्ट सांगायला हवी होती.

पोवाड्यात शाहीर पुढे उभा राहतो. मागे झिलकरी असतात. शाहिरानं ओळ टाकली की हे 'जी जी रं जी' करून झील धरतात. डफ तापतो, मंडप हलतो. पेशीतही तेच आहे. बाहेरून निरोप आला की सातटाकी धागा म्हणजे आपला शाहीर हलतो. मागचा जी-प्रोटीन तोवर खिशात जीडीपी नावाची विझलेली काडी घेऊन गप्प उभा असतो. शाहिराचा धक्का लागताच तो ती टाकतो आणि जीटीपी नावाची ताजी काडी उचलतो. उचलली की त्याचा अल्फा हा भाग सोबत्यांना सोडून धावत सुटतो आणि आतल्या यंत्रांना चालू करत जातो. एक शाहीर अनेक झिलकऱ्यांना उठवतो, एकेका यंत्रातून निरोपाचे ढीगभर कण बाहेर पडतात. म्हणून अ‍ॅड्रेनलिनचा एखादा थेंबही अंगभर धडधड करवतो. मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन या दोघांनी हे मधले झिलकरी शोधून काढले, 1994 चं नोबेल त्यांना मिळालं.

"कळलं," मावशी म्हणाल्या. "पण मग थांबवतं कोण?"

मी गवत खाली ठेवलं. कॉलेजात हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नाही. सगळ्यांना चालू कसं होतं तेवढं हवं असतं. परीक्षेतही तेवढंच येतं. माझं मत विचाराल तर पेशीनं चालू करण्यावर जेवढी अक्कल खर्च केलीय, त्याच्या कितीतरी पट बंद करण्यावर केलीय. झिलकरी 'जी जी' म्हणत राहिले तर शाहिरानं पुढची ओळ टाकायची कधी?

पहिला बंदोबस्त झिलकऱ्याच्या स्वतःच्याच अंगात आहे. तो जी ताजी काडी घेऊन धावतो, ती त्याच्याच हातात हळूहळू विझते. जीटीपीचा जीडीपी होतो. विझली की तो परत सोबत्यांजवळ येऊन गप्प उभा. गाडी पुढे गेली की स्टेशनाचा सिग्नल जसा आपोआप लाल होतो, कोणी जाऊन करावा लागत नाही, तसं.

पण नुसत्या त्याच्यावर सोडलं तर बराच वेळ लागतो, कित्येक सेकंद. म्हणून मंडळात एक म्हातारा ठेवलेला असतो, त्याचं काम एकच: झिलकऱ्याला कोपरानं ढोसणं. त्याला आरजीएस म्हणतात. त्याची ढोसणी बसली की काडी हजारपट वेगानं विझते.

हे मी सांगत होतो आणि वीज गेली.

श्रावणात खांडबाऱ्याची वीज जाणं ही बातमी नव्हे. मात्र ती गेल्यावर पहिलं एक मिनिट मावशींचा आवाज तेवढा होता, मावशी नव्हत्या. मग पंचा दिसला. मग हात. मग कुंपणाची कामटीन् कामटी दिसायला लागली.

"असंच काहीसं डोळ्यातही चालतं," मी म्हटलं. डोळ्याच्या पडद्यावर उजेड पकडणारा धागा आहे तोही याच कुळातला. उजेडाचा कण आदळला की झिलकरी उठतात, आणि पाव सेकंदाच्या आत त्यांना खाली बसवावं लागतं, नाहीतर पुढचं चित्र मागच्या चित्रावर सांडतं. नेदरलँड्समधल्या काही माणसांना चेंडू खेळताना चेंडूच दिसायचा नाही. सावलीतून उन्हात आलं की काही वेळ आंधळ्यासारखं व्हायचं. 2004 साली कारण सापडलं. त्यांच्या डोळ्यात तो ढोसणारा म्हातारा, किंवा त्याला जागेवर धरून ठेवणारा खुंटा, जन्मापासून बिघडलेला होता. नजर शाबूत, फक्त चित्र पुसलं जायला वेळ लागायचा.

"म्हणजे फळा पुसणारा पोरगा गैरहजर," मावशी म्हणाल्या. मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

अंधारात आबा कंदील घेऊन पडवीत आले. कंदील एक निमित्त. आपला विषय निघतो की काय ही खरी काळजी. तो निघालाच.

"यांना सांगा सर, बाकांचं," मावशींनी पदर खोचला. "वैशाखात यांनी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे, कारण मीच त्यांना रिक्षात घालून नेलं होतं. आबांना रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गोळी चालू होती. तीन महिने दाब व्यवस्थित आला, तेव्हा आबांनी स्वतःच ठरवलं की रोग गेला, आता गोळीला कशाला पैसे. तिसऱ्या दिवशी बाजारातून येताना छाती अशी धडधडली की पिशवी रस्त्यात टाकून ओट्यावर बसले. दाब गोळी सुरू होण्यापूर्वी होता त्याच्याही वर.

"गोळी वाईट होती म्हणून झालं ते," आबा अजूनही म्हणतात.

"आबा, गोळी रुमाल होती. हृदयावर अ‍ॅड्रेनलिनची जी बाकं आहेत, त्यावर ती बसून राहायची. तीन महिन्यांत हृदयानं बाकं वाढवली. तुम्ही एका रात्रीत रुमाल उचललात, आणि नेमकं त्या दिवशी उन्हातून ओझं घेऊन चाललात."

डॉक्टरांनी तेव्हा गोळी परत चालू केली. पुढे कधी बंद करायचीच झाली तर आठवडा-दोन आठवडे थोडी थोडी उतरवत न्यायची, तीही विचारून, असं बजावलं. आबांनी मान डोलावली. कंदिलाच्या उजेडात आत्ताही डोलावली. त्यांची मान डोलावण्यात पटाईत आहे.

हृदयावरच्या या बाकांचा सगळा जन्म ज्यानं अभ्यास केला तो रॉबर्ट लेफ्कोवित्झ मुळात हृदयाचाच डॉक्टर. तो कामाला लागला तेव्हा अशी बाकं खरोखर असतात यावरच मोठमोठ्यांचा विश्वास नव्हता. त्यानं ती काढून दाखवली, आणि त्याच्या गटाला पुढे असं दिसलं की शाहीर फार वेळ गात राहिला तर पेशी त्याच्यावर शिक्के मारते, आणि शिक्का दिसला की एक प्रथिन येऊन त्याचं तोंडच दाबतं. त्याचं नाव अरेस्टिन.

"अरेस्ट? पोलीस आला म्हणायचा."

"पोलीसच. तोंड दाबून थांबत नाही, शाहिराला धरून आत नेतो. आत काहींना धुऊनपुसून परत पाठवतात, काहींना भंगारात घालतात. फार दिवस फार ओरडा झाला तर वर शाहीरच कमी उरतात." 2012 चं नोबेल लेफ्कोवित्झ आणि त्याचा शिष्य ब्रायन कोबिल्का यांना मिळालं. आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीत अरुण शुक्ला याच अरेस्टिनच्या मागे आहेत. तेही लेफ्कोवित्झकडे काम करून आलेले.

समोरच्या किराणावाल्या भाभी मेणबत्ती विचारायला आल्या होत्या, त्या उभ्याच राहिल्या. त्यांना दमा आहे. ओढायचा पंप कमरेच्या पिशवीत असतो. "म्हणूनच का सर, हल्ली दोनचे चार दाबावे लागतात?" हो, म्हणूनही. दम मोकळा करणारा पंप सारखा सारखा मारला तर श्वासनळीतले शाहीर आत ओढले जातात, जोर कमी पडतो. सूज उतरवणारा दुसरा पंप, ज्याला लोक स्टिरॉइड म्हणून घाबरतात, तो उलट शाहीर वाढवायला मदत करतो. भाभींनी तो पंप दोन महिन्यांपासून कपाटात ठेवलाय हे आम्हा सगळ्यांना तेव्हाच कळलं. उद्याच डॉक्टरांना दाखवायला जाते म्हणाल्या. बघू.

भाभी चिखलातून जायला निघाल्या तशा मावशी ओरडल्या, "लाकडांजवळून जाऊ नका, विंचू निघतात!"

विंचवाचं नाव निघालं आणि मला डॉक्टर हिंमतराव बावसकर आठवले. हे आपल्या मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्याचे. 1976 साली कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथे लाल विंचू चावलेली माणसं यायची, घामानं निथळत, हातपाय गार, उलट्या. काही तासांत छातीत पाणी भरून तोंडाला फेस. चांगली तरणी पोरं जायची. बावसकर रात्र-रात्र उशाशी बसून नोंदी ठेवत राहिले. विंचवाचं विष नसांची दारं उघडी टाकतं, अंगातलं सगळं अ‍ॅड्रेनलिन आणि त्याचं भावंड एकदम ओतलं जातं. सगळे शाहीर एका सुरात, आणि कुठलाही पोलीस पुरा पडत नाही. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या भिंतीवर डोकं आपटून थकतं.

बावसकरांनी विषाच्या मागे न लागता शाहिराचं बाक अडवलं. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा बाकांवर रुमाल टाकते. 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आधी शंभरातले तीसेक दगावत, या गोळीनंतर प्रमाण एक ते चारावर आलं. पद्मश्री मिळायला 2022 उजाडलं.

"रुमाल वाईटच असतो असं नाही मग," आबा म्हणाले. गोळीची बाजू आबांनी घेतलेली मी प्रथमच ऐकली.

"आणि झिलकऱ्याची काडी विझलीच नाही तर?" मावशींनी सोडलं नाही. डोकेदुखी विसरल्या होत्या.

"तर मरीआई."

दोघंही गप्प झाले. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर लोटल्याच्या गोष्टी आबांच्या आईनं त्यांना सांगितलेल्या आहेत. एका माणसाला सकाळी जुलाब आणि संध्याकाळी तिरडी. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं की पटकीचा जंतू नव्हे, त्यानं सोडलेलं विष हे काम करतं. पुढे कळलं की ते विष आतड्याच्या पेशीत शिरून झिलकऱ्याच्या नेमक्या त्या जागेवर एक गाठ मारतं जिथे काडी विझायची असते. झालं. काडी जळतच राहते, झिलकरी 'जी जी' करतच राहतो, यंत्र चालूच, मीठ बाहेर आणि मिठामागे पाणी. शाहीर केव्हाच गप्प बसलाय, त्याला अटक करून उपयोग नाही. म्हातारा ढोसतोय, उपयोग नाही. पेशी गळून नवी येईपर्यंत नळ उघडा. डे यांना नोबेल मिळायला हवं होतं, आणि ते मिळालं नाही याचा मला वैयक्तिक राग आहे.

"मग माणसं वाचली कशी?"

"मीठ-साखरेच्या पाण्यानं." विषानं जे दार उघडलं ते बंद करता येत नाही, पण आतड्याला आत घेणारं दुसरं दार आहे. ते मीठ आणि साखर जोडीनं आली तरच उघडतं, आणि विष त्याला हात लावत नाही. 1971 च्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी पिंपं भरून हेच पाणी पाजलं. मृत्यू शंभरात तीसवरून चारच्या खाली आले. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

चहा हा शब्द उच्चारायला नको होता. मावशींचा हात पंच्याकडे गेला.

तेवढ्यात वीज आली. आमच्या स्वयंपाकघरातून आलं ठेचल्याचा वास आला आणि हिनं हाक मारली, "मावशींना पण टाकू का अर्धा कप?" कुंपणावर क्षणभर कोणीच बोललं नाही. आबा आकाशाकडे बघायला लागले.

"नको," मावशी म्हणाल्या. "सांगितलंय ते सांगितलंय. पण पुढच्या वर्षी आषाढ लागला की रोज एकेक रुमाल कमी करत आणीन. सात दिवसांत सात. मग श्रावणात महादेव पण खूश आणि डोकं पण."

"म्हणजे सातच होते," आबा म्हणाले.

पाचव्या दिवशी मावशींच्या डोक्याचा पंचा दोरीवर वाळत होता. आबांची गोळी सकाळच्या भाकरीबरोबर चालू आहे. मावशी समोर उभं राहून गिळायला लावतात. कुंपण कमरेएवढंच आहे.